ओव्हरड्राइव्ह पेडल: ब्लूज, कव्वाली, भीमगीतं, मेटल... कुठे चाललं, कुठे नाही

सहावी_तार (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, 'कोणतं ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल) घेऊ?' हा प्रश्न इथे सारखा येतो आणि उत्तरं येतात ती यूट्यूबवरचे डेमो बघून. डेमोत काय असतं? एक माणूस, एक महागडा ट्यूब अँप, बंद खोली. आपल्याकडे गिटार वाजते जयंतीच्या स्टेजवर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगला, उरुसात. बाजूला ढोलकी, समोर गायक, मागे जनरेटर. खोलीत मखमली वाटलेला आवाज तिथे पार गायब होतो, नाहीतर नको तिथे घुसतो.

म्हणून हाताशी होतं ते आयबानेझचं टीएस९, म्हणजे ट्यूब स्क्रीमर, जिथे जिथे वाजवायला मिळालं तिथे लावलं. सोबत मित्राचं बॉसचं एसडी-१. गिटार दोन, एक स्ट्रॅटच्या घाटाची सिंगल कॉइलवाली (पिकअपमध्ये एकच कॉइल) आणि एक हंबकरवाली (दोन कॉइलचा, जोरदार पिकअप).

पेडल नवं नाही. टीएस९ १९८२ चं, एसडी-१ त्याच्या एक वर्ष आधीचं. तीनच नॉब. ड्राइव्ह, टोन, लेव्हल. (एसडी-१ वरही तेवढेच.) नवी मुलं पहिला हात ड्राइव्हच्या नॉबला घालतात. माझं म्हणणं असं की या पेडलची खरी गंमत लेव्हलच्या नॉबमध्ये आणि गिटारच्या व्हॉल्यूममध्ये आहे, ड्राइव्ह सगळ्यात शेवटी बघायचा.

ब्लूजपासून सुरुवात, कारण तिथे हे पेडल घरच्यासारखं वागतं. टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनमुळे ट्यूब स्क्रीमर आणि ब्लूज ही जोडी जगभर झाली. मित्राच्या ट्यूब अँपवर, अँप जेमतेम तापायला लागेल इतका वर करून, ड्राइव्ह नऊवर आणि लेव्हल दोनवर ठेवली (पेडलच्या नॉबचे आकडे घड्याळाच्या काट्यासारखे धरा). हलक्या हाताने छेडलं की स्वच्छ, जोरात मारलं की आवाजाला कड येते. बेंड करून सूर धरला की तो धरलेलाच राहतो, विझत नाही. गिटारचा व्हॉल्यूम दहापैकी सातवर आणला की पेडल बंद केल्यासारखं साफ होतं. हा 'साफ होण्याचा' गुण ज्या ओव्हरड्राइव्हमध्ये नाही ते मी घेणार नाही.

मेटलवाल्यांनी उलटं करायचं. ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल, आणि पेडल आधीच डिस्टॉर्शनवर असलेल्या अँपच्या पुढे. एकटं ऐकलं तर पेडल काहीच करत नाही असं वाटेल. पण सहावी तार डी ला उतरवून पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून) वाजवा. पेडल नसताना जो खर्ज फुगून पसरत होता तो आवळून येतो, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

अभंगाला नाही जमलं. टाळांच्या झणझणाटात ड्राइव्हचा वरचा भाग मिसळून नुसता कलकलाट होतो. क्लीन (आवाज न फाडता) वाजवा, विषय संपला.

लावणीलाही तोंडावर पडायला होतं, पण कारण वेगळं. ढोलकीच्या तोडीबरोबर गिटारचे स्ट्रोक तुटक आणि टोकदार लागतात. ओव्हरड्राइव्ह ते टोकच बोथट करतं, आवाज दाबून सपाट करतं. पीसमध्ये (गाण्यातल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात) एखादी ओळ एकेका सुराने वाजवायची असेल तेवढ्यापुरतं पाय मारा.

कव्वाली आणि भीमगीतांचं सविस्तर लिहायचंय, पण आधी बाकीच्यांचे अनुभव येऊ द्या.

लातूरकर_७

दादा, सगळं खरं, पण तीन नॉबच्या डबड्यासाठी एवढा खटाटोप काहून करायलाव? मल्टीइफेक्टात (अनेक पेडलांचं एकच यंत्र) असली वीस ओव्हरड्राइव्ह असतात. ऑर्केस्ट्रात गाणं बदललं की पाय मारायचा, आवाज बदलला. मी पाच वर्षं तेच करायलोय.

सहावी_तार

मल्टीइफेक्टला माझा विरोध नाही, ऑर्केस्ट्रात सोयच असते. पण पॅच (आधीच साठवलेला आवाज) बदलून वाजवणाऱ्याला एक सवय लागते, सगळं पायाने करायची. एका पेडलवर गिटारच्या व्हॉल्यूमने आणि उजव्या हाताने चार आवाज काढता आले की मग पॅचही नीट बनवता येतात. तुमच्या मल्टीइफेक्टातही ट्यूब स्क्रीमरची नक्कल असेलच, तिच्यावर ड्राइव्ह शून्य करून बघा.

लातूरकर_७

आहे, हिरव्या रंगाचं चित्र आहे. बघतो.

चिपसोल्डर (नांदेड)

ड्राइव्ह शून्यवर काहीच होत नाही असं वाटतं, त्यामागे काय चाललेलं असतं ते सांगतो. मी पेडल दुरुस्त करतो, स्वतःही बनवतो.

ट्यूब स्क्रीमरमध्ये एका ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅकमध्ये दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट लावलेले असतात. सिग्नल साधारण अर्धा-पाऊण व्होल्टच्या वर जायला लागला की डायोड चालू होऊन त्याचं डोकं गोल करतात. ड्राइव्हचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) ५०० किलोओहमचा, त्याच्या पोटात ५१ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा. दुसऱ्या बाजूला ४.७ किलोओहम. म्हणजे नॉब शून्यवर असला तरी जवळपास १२ पट गेन (सिग्नलची वाढ) मिळतोच, आणि फुल्ल केला की ११८ पट. त्यामुळे 'शून्य' हा शब्द नॉबवर आहे, आत नाही. हंबकर लावून जोरात मारलं तर शून्यवरही डायोड काम करतात.

आता खर्ज का आवळतो ते. त्या ४.७ किलोओहमच्या मालिकेत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. दोघांचा हिशेब ७२० हर्ट्झला येतो. त्याच्या खालच्या सुरांना गेन कमी कमी होत जातो, म्हणजे जाड तारांचा खर्ज कमी फाटतो. पुढे टोनचं सर्किट वरचा भाग कापतं. खालून कापलं, वरून कापलं, उरला मधला फुगवटा. लोक त्याला मिड हंप म्हणतात. अँप आधीच फाटत असेल तर त्याच्या तोंडात खर्ज कमी जातो म्हणून आवाज घट्ट येतो.

एसडी-१ मध्ये डायोड तीन. एका बाजूला दोन, एका बाजूला एक. लाटेचा वरचा आणि खालचा भाग सारखा कापला जात नाही, त्यामुळे सम हार्मोनिक्सही (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे वरचे सूर) येतात. कानाला जरा जास्त खरखरीत आणि उघडं लागतं.

आणि ते टीएस८०८ (टीएस९ च्या आधीचं ट्यूब स्क्रीमर) की टीएस९ यावर भांडणारे बघितले की मला हसू येतं. आउटपुटच्या दोन रेझिस्टरचा फरक आहे. तेवढ्यासाठी जुनं पेडल दुप्पट-तिप्पट किमतीत घ्यायचं असेल तर घ्या, पैसा तुमचा.

मेटल_जालना

चिपसोल्डर भाऊ, आता कळलं. आमच्या बँडमध्ये दोन्ही गिटारवाल्यांनी पेडल लावलं तर बेस गिटार अचानक ऐकू यायला लागली. तो बिचारा दोन वर्षं तक्रार करत होता की मला कोणी ऐकतच नाही. 😄

गावातली_गिटार (अंबाजोगाई)

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे कार्यक्रमात अँप नसतोच. साउंडवाले काका केबल हातात देतात आणि म्हणतात, ताई, सरळ मिक्सरला लावा. पेडल लावून तसं वाजवलं तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो. पेडल खराब आहे का?

सहावी_तार

ताई, पेडल ठणठणीत आहे. हा धागा काढण्याचं निम्मं कारण तुमचा प्रश्नच आहे, कारण मराठवाड्यात बरेच गिटारवाले असेच सरळ मिक्सरला लावतात.

गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर पडू देत नाही. डायोड जो कचकचीत वरचा भाग तयार करतात तो स्पीकरच गिळतो. पीए सिस्टिमला (कार्यक्रमाचे मोठे स्पीकर) मात्र हॉर्न (वरच्या सुरांचा कर्णा) असतो, तो सगळं इमानेइतबारे बाहेर फेकतो. तेच तुम्ही ऐकताय.

बरेच जण मिक्सरवरचा हायचा नॉब उलटा फिरवतात आणि म्हणतात फरक पडत नाही. छोट्या मिक्सरवर तो नॉब १०-१२ किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो, आपली खाज असते ४ ते ८ मध्ये. पेडलचा टोन नऊच्या खाली आणा, गिटारचा टोनही निम्मा करा, ड्राइव्ह अगदी कमी. तरीही भागलं नाही तर शेवटी कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) असलेलं छोटं पेडल, किंवा लातूरकरांचा मल्टीइफेक्ट, ज्यात फक्त कॅबिनेट चालू आणि बाकी सगळं बंद.

लातूरकर_७

बघा, आलात ना शेवटी माझ्याकडं!

गावातली_गिटार

टोन उतरवून बघितला. पुष्कळच सुसह्य झालं. काकांनी पण मान वर करून बघितलं, ते सहसा मोबाइलमधून बाहेर येत नाहीत.

खुलताबादकर

कव्वालीचं लिहिणार होतात ते राहिलं. आमच्याकडे उरुसात पार्टीबरोबर बेंजो (आपला बटनांचा, बुलबुल तरंग) असतो, गिटार क्वचित. मी एकदोनदा बसलोय. हार्मोनियमच्या बाजूला ओव्हरड्राइव्ह म्हणजे दोघं एकाच दारातून घुसायला बघतात.

सहावी_तार

अगदी नेमकं. हार्मोनियमच्या पट्ट्यांचा आवाज मुळातच हार्मोनिक्सने भरलेला, त्यात दोन माणसांचा कोरस, त्यात टाळ्या. सगळी गर्दी मधल्या पट्टीत. आणि चिपसोल्डरने सांगितलेला फुगवटा बरोब्बर तिथेच. जे ब्लूजमध्ये वरदान तेच इथे अडचण.

मला तिथे एसडी-१ जास्त मानवलं, टोन एकच्या पुढे, ड्राइव्ह कमी. एसडी-१ ही मधल्या पट्टीचंच पेडल आहे, पण टोन वर नेला की जरा बाजूला सरकतं. कॉर्ड अजिबात नाहीत. गायकाने मिसरा सोडला की तीनचार सुरांची फिरत, तीही मींड घेऊन, आणि परत गप्प. मींडेला ओव्हरड्राइव्ह खरंच शोभतं. क्लीन गिटारवर सूर ओढता ओढता मरतो, इथे शेवटपर्यंत जिवंत राहतो.

कॉर्ड का नाही, हे मात्र मला पूर्ण कळलेलं नव्हतं. फक्त सा-प वाजवलं तर छान, गंधार घातला की चिखल. चिपसोल्डर?

चिपसोल्डर (नांदेड)

दोन सूर एकत्र फाडले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार होतो. ११० हर्ट्झचा सा घ्या. गिटारवरचा पंचम १६४.८१. वजाबाकी ५४.८१, म्हणजे जवळपास ५५, सा चाच खालचा सप्तक. त्यामुळे पॉवर कॉर्ड भरदार लागतो, कुणीतरी खाली खर्ज धरल्यासारखा.

गंधार गिटारवर १३८.५९. वजाबाकी २८.५९. शुद्ध गंधार १३७.५ असता तर वजाबाकी २७.५ आली असती, सा चा दोन सप्तकं खालचा सूर. आता ती चार टक्के चढी आहे, म्हणजे साधारण ६७ सेंट (एका पडद्याचं अंतर १०० सेंट). अर्ध्या पडद्यापेक्षाही जास्त वर. शिवाय हार्मोनिक्सची आपापसांत हाणामारी वेगळीच. क्लीनमध्ये दोन गंधारांमधला १४ सेंटचा फरक कान माफ करतो, ओव्हरड्राइव्ह करत नाही. दोष पेडलचा नाही, पडद्यांचा आहे. गंधार किंचित उतरवून वाजवता आला तर फाटका कॉर्डही गोड लागतो.

बेंजोवाला_परभणी

राम राम, जय भीम मंडळी. गिटारचं मला काई कळत नाही, मी बेंजो वाजवितो. धागा वाचून आमच्या पार्टीतल्या पोराचं टीएस९ घेतलं आन बेंजोला लावलं. निसती बोंबाबोंब! काय वाजवायलो तेच कळंना. वरच्या दोन तारा एक बोलायल्या, बाजूच्या तारा भलतंच. आमचा बेंजो पिकपवाला हाय.

चिपसोल्डर (नांदेड)

मालक, बाजूच्या तारा सा-पला लावलेल्या आहेत ना, ज्या बटन न दाबता सतत झंकारतात? त्यांचा आणि चालीच्या प्रत्येक सुराचा वजाबाकीचा खेळ चालू आहे. पंचम वाजवला की बरं, गंधार-निषाद वाजवला की बोंब. त्या तारांवर स्पंजचा तुकडा दाबून बसवा. फक्त चालीच्या तारा मोकळ्या ठेवा, आणि त्या दोन तारा एकमेकींशी अगदी काटेकोर लावा. थोड्या जरी वेगळ्या असतील तरी ओव्हरड्राइव्हमध्ये त्याची लाट ऐकू येते.

ज्यांचा बेंजो पिकपवाला नाही आणि खाली पिझोची चकती चिकटवली आहे त्यांच्यासाठी: पिझोला पुढच्या यंत्राचा इनपुट १० लाख ओहम किंवा जास्त लागतो. टीएस९ चा त्याच्या निम्म्याच्या आसपास. सरळ लावलं तर आवाज पातळ, पत्र्याचा येईल. मध्ये एक प्रीअँप टाका.

सहावी_तार

बेंजोवाले दादा, तुमचं वाद्य आणि हे पेडल दोन्ही मूळचे जपानचे, माहिती आहे का? बेंजोचा पूर्वज ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात मोरिता गोरोने बनवला. टाइपरायटरसारखी बटनं तिथूनच आली. आपण त्याच्यावर काय काय वाजवतो हे त्याला दाखवायला हवं होतं.

बेंजोवाला_परभणी

आँ? आम्ही तर समजत होतो आपलंच हाय. आता आपलंच म्हणा.

स्पंज लावला. दादा, काय सांगू! ड्राइव्ह दहावर, टोन मध्ये, लेव्हल बारावर. बेंजोचा सूर मारला की लगेच मरतो म्हणून आम्ही सारखं टरटर टरटर नखी चालवितो. आता एकदा मारला की सूर तरंगत राहतो, शहनाईवाणी लांबतो. काल सरावाला पीस वाजवला तर ढोलकीवाला हात थांबवून बघायला लागला.

पण गायक तक्रार करायला. म्हणे, तू अंतऱ्यात माझ्यावर बसायलास.

सहावी_तार

गायक बरोबर बोलतोय. भीमगीतात शब्द पहिले. लोक शब्द ऐकायला आलेले असतात, ओळ संपली की दाद देतात. माणसाच्या आवाजातली स्पष्टता जिथे असते तिथेच पेडलचा फुगवटा पडतो. त्यामुळे गायक तोंड उघडायच्या आत पाय मारून पेडल बंद. पीसला चालू. मध्येच पाय मारायचं राहिलं तर बेंजोचा व्हॉल्यूम कमी करा, आवाज साफ होतो.

१४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर नामविस्तार दिनाला जी गर्दी असते, तिथे बेंजो घेऊन उभं राहणाऱ्याला माझा आगाऊ सल्ला: घरी जी लेव्हल ठरवाल ती तिथे पुरणार नाही, पण म्हणून ड्राइव्ह वाढवू नका. ड्राइव्ह वाढवला की आवाज मोठा होत नाही, नुसता चपटा होतो आणि गर्दीत बुडतो. लेव्हल वाढवा. जितकं मोठं मैदान तितका ड्राइव्ह कमी, हे मला स्टेजवर पटलेलं आहे.

लातूरकर_७

हे मात्र शंभर टक्के. माझे घरी बनवलेले सगळे पॅच स्टेजवर अर्ध्या गेनला आणावे लागले.

आणि ड्राइव्ह शून्यचं करून बघितलं. कबूल करतो, हिरव्या चित्राचा असा उपयोग कधी केला नव्हता. पण पेडल घेणार नाही म्हणजे नाही. 😀

गावातली_गिटार

अजून एक. जनरेटरवर कार्यक्रम असला की पेडल चालू केलं की झींईई असा आवाज. बंद केलं की कमी. माझी सिंगल कॉइल आहे.

चिपसोल्डर (नांदेड)

ताई, ५० हर्ट्झची घोंघों सिंगल कॉइलमध्ये शिरतेच. पेडल तिचा खालचा भाग फार वाढवत नाही (तोच ७२० चा हिशेब), पण तिच्या वरच्या पटी चांगल्या वाढवतं. म्हणून घोंघोंच्या जागी झीं ऐकू येतं. गिटार हातात धरून जागेवर थोडं वळून बघा, एका दिशेला आवाज बराच पडतो. डिमर असलेल्या लाइटच्या वायरीपासून लांब उभ्या राहा. मंडपात अर्थिंग आहे का ते साउंडवाल्यांना विचारा, हा प्रश्न आवाजाच्याही आधी जिवाचा आहे. तार आणि माइक एकाच वेळी हाताला-ओठाला लागून झटका बसलेले लोक मला माहीत आहेत.

अडाप्टर स्वस्तातला, किंवा एकाच अडाप्टरवर डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि हे दोन्ही चालत असेल तर शिट्टी वाजते ती वेगळी. ते ओळखायची सोपी रीत: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घालून बघा. शिट्टी गेली तर चोर अडाप्टर. टीएस९ फार थोडी वीज खातं, बॅटरीवर कार्यक्रमामागून कार्यक्रम निघतात. फक्त काम झालं की इनपुटची केबल काढून ठेवा. केबल लावलेली असली की पेडलवरचा दिवा बंद असला तरी बॅटरी चालूच राहते.

मेटल_जालना

आमच्या चर्चमधल्या टीमसाठी विचारतो. तिथे मी डिले लावून पसरट कॉर्ड वाजवतो. ओव्हरड्राइव्ह डिलेच्या आधी की नंतर?

सहावी_तार

आधी. नंतर लावलंस तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फाटतो आणि सगळं एकमेकांत मिसळून गारा होतो. आणि पसरट कॉर्डसाठी बॉसचं बीडी-२ मिळालं तर लावून बघ. १९९५ चं आहे, मधला फुगवटा तितका नाही, खर्ज जास्त ठेवतं, कॉर्डमधले सूर सुटे राहतात. मेटलसाठी मात्र टीएस९ विकू नकोस.

बेंजोवाला_परभणी

अडाप्टर घ्यायला दुकानात गेलो तर तो म्हणे ९ व्होल्ट हाय ना, कोणताबी चालतो. खरं का?

चिपसोल्डर (नांदेड)

नाही! मधली पिन निगेटिव्ह पाहिजे. अडाप्टरवर छोटं चित्र असतं, मधल्या टिंबाकडे जाणाऱ्या रेघेवर वजा आणि बाहेरच्या कंसाकडे अधिक. बाजारातले बरेचसे ९ व्होल्टचे अडाप्टर उलटे असतात, मधली पिन पॉझिटिव्ह. नीट बघून घ्या, आणि चित्रच नसेल तर मल्टीमीटर असलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय लावू नका.

बेंजोवाला_परभणी

बरं झालं इचारलं. त्यानं दिलेला उलटाच निघाला, परत करून आलो. तोवर बॅटरीवर चालू हाय.